दक्षिणेकडं तोंड

भाताची झोडणी उरकत आली, थंडी पडली आणि रायबाचा दम वाढला. दरवर्षी वाढायचाच. खळ्यावरचा भुसा उडाला की त्याची छाती घरघरायची, तो चार शिव्या हासडायचा आणि पुन्हा पेंढ्या उचलायचा. यंदा शिव्या हासडायलाही दम पुरेना. गोठ्यातून परत येताना तो मधेच उखळावर बसला आणि बाळाबाईनं हाक मारली तर त्यानं नुसता हात वर केला. तिनं हातातली पेंढी तशीच टाकली आणि ती धावत आली.

उमेदीची वर्षं रायबानं खडीच्या मशीनवर काढली होती. तो आणि त्याचा थोरला भाऊ हैबती. संध्याकाळी दोघं घरी यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरेफटक. बाळाबाई दारातच त्यांना टॉवेलानं झोडपून काढायची आणि मगच आत घ्यायची. अंगावरची धूळ अशी निघाली, आतली कशी निघणार? हैबती तीच धूळ छातीत घेऊन आधी गेला. रायबा मागं राहिला, पण त्याचा नांगर सुटला, मग विळा सुटला, आणि आता विंझरच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत अंगणातली बाज एवढंच त्याचं रान उरलं.

भोरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हवेचं मशीन घ्या. रात्री झोपताना नळी लावायची, दिवसाही दम वाढला की लावायची. लेक सुप्रिया उत्रोलीला दिलेली. तिनं आणि जावयानं मशीन आणून दिलं. चाकं असलेला पांढरा डबा. चालू केला की खुडखुड करायचा आणि नळीतून गार हवा सोडायचा. पहिल्या रात्री रायबा असा झोपला की बाळाबाईनं घाबरून दोनदा त्याच्या नाकापुढं हात धरून पाहिला.

मग लाईट बिल आलं. म्हशीचं सगळं दूध त्या बिलात गेलं म्हणा ना. बाळाबाईनं कागद घडी करून देव्हाऱ्याखाली सरकवला, पण रायबानं तो पाहायचा तो पाहिलाच. त्या दिवसापासून वाडीला एक नवा वीज साहेब मिळाला. बाज सोडून तो उठायचा नाही, पण घरातला दिवा कुठं विनाकारण जळतोय हे त्याला बरोबर कळायचं.

"न्हाणीतला दिवा कुणासाठी ठेवलाय? पावण्यासाठी?"

"अवं, म्या हाय न्हाणीत!"

"मंग हात लवकर चालीव."

त्यानं जुनं टिपाड काढायला लावलं. बाजेवर बसून, थांबत थांबत, स्वतः त्याला काळा रंग फासला आणि पाणी भरून उन्हात ठेवायला सांगितलं. दुपारपर्यंत पाणी चांगलं कढत व्हायचं. चूल नको, धूर नको. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पाण्यात बोट घालायला लावायचा. शेजारची रत्ना तर म्हणाली, "नाना, तुमच्या टिपाडात बोटं बुडवून माझी बोटं शिजली." तो हसायचा. बाळाबाईलाही बरं वाटायचं, माणूस कशात तरी रमलाय.

पण एवढ्यावर थांबला असता तर तो रायबा कसला! एका सकाळी ती चहा घेऊन गेली तर त्याची नखं निळी पडलेली, ओठ काळवंडलेले, आणि मशीन गप्प. नळी नाकाला तशीच लावलेली. ती झोपली की तो हळूच बटण बंद करायचा. किती दिवस हे चाललं होतं कुणास ठाऊक.

"बिलापायी?" ती ओरडलीच. "बिलापायी शास बंद करताव?"

"पहाटंचं चालतंय मला," तो म्हणाला. एवढं वाक्य बोलायला त्याला तीनदा थांबावं लागलं.

बाळाबाई रडली नाही. तिनं बटण दाबलं, त्याच्या पाठीशी उशा लावल्या आणि मागच्या पडवीत जाऊन सुप्रियाला फोन केला. लेकीच्या घरून काही घेणं तिला आधीच जड जायचं. वाडीत बोलणारे बोलतच होते, रायबा लेकीच्या जिवावर हवा खातोय म्हणून. पण आता लाज धरायची की माणूस धरायचा?

तिनं सगळं सांगून टाकलं, सुप्रियानं आणि जावयानं पैसे घातले आणि असा त्या घरात सोलर आला. विंझरचा अमृत टेम्पोतून दोन प्लेटा, बॅटऱ्या आणि लोखंडी खांब घेऊन आला. हा पोरगेला, पण दोन पोरांचा बाप असलेला माणूस हेच काम करायचा. सुप्रियाही उत्रोलीहून आली. अमृतनं छपरावर चढून पाहिलं. कौलं जुनी, वासे वाळवीनं खाल्लेले. प्लेटा वर ठेवल्या तर त्या घरातच यायच्या. मग अंगणाच्या कडेला खड्डा घेतला, खांब रोवला आणि त्यावर चौकट चढवली.

"ह्यो नट ढिला केला की आक्खी चौकट फिरती," अमृतनं रायबाला दाखवलं. "जागेवर बसवायला सोपं जातं. आता तोंड दक्षिणेकडं करायचं आन गच्च आवळायचं."

बाळाबाई दारात ताटं घेऊन उभी होती.

"दक्षिणेकडं?" ती म्हणाली. "दुसरीकडं न्हाई का व्हत?"

"न्हाई काकू. ऊन तिकडनं फिरतंय ना. समद्यांकडं तसंच बसवतो आमी."

"उगवतीला केलं तर? देवाधर्माचं तोंड उगवतीलाच आसतं."

अमृत हसला. सुप्रिया म्हणाली, "आई, तुला त्यातलं काय कळतंय? तू भाकरी बघ." वाईट वाटावं म्हणून काही पोर बोलली नव्हती. पण बाळाबाईनं ताटं ठेवली आणि ती मुकाट्यानं चुलीपुढं जाऊन बसली.

पहिले काही दिवस घरात सण असल्यासारखे गेले. अमृतनं भिंतीवर बसवलेल्या सोलरच्या डब्यावर हिरवे दिवे लागायचे. बॅटरी भरत जाईल तसे ते वाढायचे. रायबा बाजेवरून मान लांब करून ते मोजायचा आणि गोठ्यात धार काढणाऱ्या बाळाबाईला ओरडून सांगायचा. आता तो बटण बंद करत नव्हता. "फुकटची हवा हाय, खाऊ दे की," म्हणायचा. त्याच्या गालावर जरा रंग आला. एका दुपारी तर तो गोठ्यापर्यंत जाऊन, म्हशीच्या पाठीवर थाप मारून आला.

बाळाबाईचं मात्र चित्त थाऱ्यावर नव्हतं. चुलीपुढून तिला दारातून तो खांब दिसायचा. दुपारी ऊन त्या काचांवर पडलं की त्या पेटल्यासारख्या दिसायच्या, आणि तोंड दक्षिणेकडं. हैबती गेला तेव्हा घरात बाईमाणूस म्हणून तीच होती. त्याच्या डोक्याशी दिवा तिनंच ठेवला होता आणि कुणीतरी म्हातारं मागून म्हणालं होतं, वात दक्षिणेकडं कर गं. तिनं केली. त्याआधी सासूला तशीच केली होती. माणूस असताना त्या दिशेला कुणी दिवा लावत नाही. घराचं दार नाही, चुलीचं तोंड नाही, झोपताना पायसुद्धा नाहीत. आणि इथं जिता माणूस बाजेवर पडलेला, हैबतीसारखाच घरघरणारा, आणि त्याच्या नावानं अंगणात दक्षिणेकडं तोंड करून काहीतरी जळतंय. हे कुणाला सांगणार? लेक हसली असती. रायबाला सांगावं तर त्याच्यासमोर तो शब्द तोंडातून काढवत नव्हता.

एका दुपारी रायबा बाजेवर डोळे मिटून पडला होता. वाडीतली माणसं रानात होती. बाळाबाईनं पंपाचा पाना काढला, पाट ओढून त्यावर उभी राहिली आणि नट सैल केला. चौकट जड होती. तिनं खांदा लावला, झोडणीनं दुखरी झालेली कंबर आवळली आणि ढकललं. चौकट कुरकुरत फिरली. काचांचं तोंड उगवतीच्या डोंगराकडं झालं. नट आवळून ती खाली उतरली, हात जोडले आणि पदरानं तोंड पुसून वैरण कापायला निघून गेली. त्या रात्री कितीतरी दिवसांनी तिला शांत झोप लागली.

उगवतीचा डोंगर घराच्या अगदी उरावर आहे. सकाळचं ऊन त्याच्या धारेवरून उतरेपर्यंत निम्मी कामं होतात. ऊन खाली येईतो सूर्य वर चढलेला आणि दुपार कलली की प्लेटांना पाठमोरा. डब्यावरचे हिरवे दिवे कमी होऊ लागले. पण बॅटरी संपली की मशीन आपोआप खांबावरच्या लाईनवर जायचं, म्हणून घरात काही अडलं नाही. अमृतनं तशीच जोडणी करून दिली होती. रत्नानं विचारलंच तर रायबा म्हणायचा, "धुकं लई पडाय लागलंय."

मग एका दुपारी खालच्या रस्त्यावर एका ट्रकनं विजेचा खांब आडवा केला आणि सगळ्या वाडीची लाईट गेली. रायबाला तर चेवच आला.

"आपलं काय अडतंय?" तो रत्नाला म्हणाला. "तुमी बसा अंधारात. आमच्याकडं सूर्य कामाला हाय."

त्या दिवशी वारं बोचरं होतं. मशीन सकाळपासून चालू होतं. दिवेलागणीला बाळाबाई धार काढत असताना आतून चिरका आवाज आला. आधी भिंतीवरचा डबा ओरडला, मग त्यावरचा उरलासुरला दिवा गेला आणि मशीनची लांबलचक शिट्टी वाजली. मग तीही थांबली. ती चरवी तशीच टाकून आत धावली. दुधात म्हशीनं पाय घातला असेल, नसेल, तिनं पाहिलं नाही.

रायबा उठून बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे कानापर्यंत चढलेले, तोंड उघडं. गळ्याजवळची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. डोळे तिच्याकडं लागलेले. त्या डोळ्यांत भीती होती, आणि इतक्या वर्षांत तिनं ती कधी पाहिली नव्हती.

तिनं दार-खिडकी उघडली. पाठ चोळली. अंगारा लावला. मग काय करावं ते सुचेना तेव्हा ती बाजेवर चढली आणि त्याच्या पाठीला आपली पाठ लावून बसली. तो मागं रेलला. त्याच्या बरगड्यांची धडपड तिला स्वतःच्या पाठीत कळत होती.

"माज्याबरुबर घ्या," ती म्हणाली. "सावकाश. म्या घेती तसा घ्या."

ती मोठ्यानं श्वास घेऊ लागली आणि सोडू लागली. नांगराला जुंपलेल्या बैलाला जोडीदारानं सांभाळून न्यावं तशी ती त्याला ओढत राहिली. मनात एकच चाललं होतं, हे माझ्या हातानं झालं. दिवा फिरवून मरण टाळायला गेले आणि मीच ते घरात घेतलं. जेवणवेळ टळून गेल्यावर खाली लाईट आली, मशीन खुडखुडलं आणि तिनं नळी त्याच्या नाकाला लावली.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात यायच्या आधीच सुप्रिया आली. पाठोपाठ अमृतही मोटरसायकलवरून आला. फोनवरच तो काळजीत पडला होता, बॅटरी बाद निघाली की काय म्हणून. अंगणात पाय ठेवताच तो थबकला.

"ह्ये डोंगराकडं कुणी फिरवलं?"

बाळाबाई चहाचे कप घेऊन उभी होती.

"म्या फिरवलं," बाजेवरून रायबा म्हणाला.

सुप्रियानं बाजेकडं पाहिलं, मग खांबाकडं. मधे सगळं अंगण होतं. गोठ्यापर्यंत जायलाही आबांना मोठा दम लागायचा.

"आबा, तुमी?"

"व्हय. म्हटलं, सकाळचं ऊन धरावं. चुकलं."

"चुकलं म्हंजी? जीव गेला आसता!" सुप्रियाचा आवाज फुटला. "उगं कशाला हात लावाय जाताव?"

"नाना, आता परत पान्याला शिवायचं न्हाई," अमृतही चिडून म्हणाला. रायबानं मान खाली घातली आणि दोघांचं बोलणं मुकाट ऐकून घेतलं. आयुष्यात कुणाचं एक अक्षर न ऐकणारा माणूस. अमृत बॅटऱ्या तपासायला आत गेला आणि सुप्रिया डोळे पुसत त्याच्या मागं गेली.

बाळाबाईनं कप खाली ठेवले आणि ती बाजेच्या पायथ्याशी बसली.

"खोटं का बोलला?"

"मंग तुला पोरीफुडं बोलून घ्यायला लावायचं व्हय?"

"तुमाला ठावं व्हतं?"

"बाजंवर पडलेल्या माणसाला दुसरं काम काय आसतं? तू पाना घिऊन गेलीस तवा म्या जागाच व्हतो." तो थांबला, दम घेतला. "कंबर धरून ढकलत व्हतीस. उठावं वाटलं मदतीला."

"आन तरी बोलला न्हाई?"

"म्हटलं, तुज्या जिवाला काय तरी लागलं आसंल. लाईट हाय तवर चालतंय की. लाईट जाईल ह्ये माज्या बी ध्यानात आलं न्हाई."

मग तिनं सांगितलं. खाली मान घालून, पदराचं टोक पिळत. हैबतीच्या डोक्याशी ठेवलेला दिवा, फिरवलेली वात, सगळं. "तुमच्या नावानं दारात तिकडं तोंड करून जळतंय, आसं वाटायचं. रोज उठून त्येच बघायचं. माज्यानं बघवंना."

रायबा हसला नाही.

"आन धनतेरसीला?" तो म्हणाला.

"काय धनतेरसीला?"

"यंदा बी झाली न्हवं दिवाळी? कणकंचा दिवा दाराबाहीर ठेवलास. त्याचं तोंड कुठं व्हतं?"

तिच्या हातातलं पदराचं टोक सुटलं.

"सांग की."

"दक्षिणेला."

"मेलेल्यासाठी ठेवतीस त्यो?"

"न्हाई. घरातल्या माणसाला यमानं अवचित न्हेऊ नये म्हून."

"दरसाल कुणासाठी मागतीस?"

"तुमच्यासाठी. दुसरं कोण हाय मला?"

रायबानं हात पुढं केला. तिनं तो धरला. खडी फोडून रुंद झालेला पंजा आता नुसता हाडांचा राहिला होता.

"मंग ह्यो त्योच दिवा समज," तो म्हणाला. "कणकंचा एक रात जळतो, ह्यो रोज जळंल. मला अजून जगायचंय, सुप्रीची आय. तुला एकटीला ठिवून जायाचं म्हटलं की लई जड वाटतंय. काल पाठीला पाठ लावून बसली व्हतीस न्हवं, तवा म्या हैबतीला सांगत व्हतो, इतक्यात न्हाई येत म्हून."

आता ती रडली. इतके दिवस साठलेलं सगळं रडली. मग नाक ओढून उठली, तिनं पाना घेतला, पाट ओढला. तेवढ्यात अमृत बाहेर आला, मागोमाग सुप्रिया.

"काकू, सरका, म्या करतो."

"तू निस्तं कुठवर ते सांग," ती म्हणाली. "फिरवणार म्या."

अमृतनं रायबाकडं पाहिलं, सुप्रियाकडं पाहिलं आणि तो बाजूला झाला. बाळाबाईनं खांदा लावला. चौकट कुरकुरत फिरली. डोंगर मागं पडला. "आनी थोडं," अमृत म्हणाला, "आनी... बास." तिनं नट आवळला, पुन्हा एकदा लोंबकळून आवळला आणि ती खाली उतरली.

मग ती प्लेटांच्या पुढं जाऊन उभी राहिली, दक्षिणेकडं तोंड करून. समोर कापणी झालेली खाचरं उतरत गेली होती. तिनं पदर खोचला आणि शेजाऱ्याचं जनावर शेतात शिरल्यावर लावायची तोच आवाज लावून ती म्हणाली, "बघून ठेव. हितं दिवा हाय आन म्या बी हाय. ह्या दाराशी थांबायचं काम न्हाई, सरळ फुडं जायचं."

"आई," सुप्रिया घाबरून म्हणाली, "कुणाला बोलतीस?"

"हाय एक वळखीचा," बाळाबाई म्हणाली.

बाजेवर रायबाला हसू आलं. हसता हसता त्याला दम लागला. ती धावत गेली, नळी त्याच्या नाकाला लावली आणि त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.